रताळी धुवायची, पण कधी आणि कशी?

गेल्या वर्षी ललितापंचमीच्या फराळाचे काय झाले, ते त्या दिवशी मंडळाच्या स्वयंपाकघरात असलेल्या भगिनींना चांगले आठवत असेल. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी आम्ही रताळी घेऊन ठेवली होती. मातीची पोती सभागृहात नकोत, फरशी खराब होते, म्हणून मुद्दाम धुतलेली घेतली. गुलाबी, स्वच्छ, प्लास्टिकच्या पिशव्यांत नीट भरलेली. पंचमीच्या पहाटे पिशव्या उघडल्या आणि आंबूस, दारूसारखा वास आला. कित्येक रताळी बोट लावताच आत जात होती. टोकांना पांढरी केसाळ बुरशी आणि तिच्यावर बारीक काळे ठिपके. निम्म्याहून अधिक माल टाकावा लागला आणि रताळ्याच्या किसाऐवजी साबुदाण्याची खिचडी वाढली गेली.

आम्ही अर्थातच विकणाऱ्याला दोष दिला. पण मंडळाचे एक ज्येष्ठ सभासद, ज्यांचे पश्चिम भागात स्वतःचे शिवार आहे, हसून म्हणाले, "धुतलेली घेतलासा, आणि वर पाच दिवस पिशवीत कोंडून ठेवलासा. ती काय करतील बिचारी?" पुढे त्यांच्याच ओळखीने कार्यकारिणीतले आम्ही चौघे-पाच जण सुगीच्या दिवसांत दोन-तीन शिवारे फिरलो. कुठे हाताने माती झाडणे चालले होते, कुठे टाकीत बुडवून धुणे, तर एका ठिकाणी नवे फिरते यंत्र होते. तिथे जे पाहिले आणि नंतर वाचून जे पडताळले, ते सभासदांसमोर ठेवत आहोत.

उचगाव, बेळगुंदी, कुद्रेमनी ही नावे आपल्यापैकी बहुतेकांना तिथल्या साहित्य संमेलनांमुळे ठाऊक आहेत. पण बाजारात या पट्ट्याची ओळख रताळ्याची आहे. बेळगावच्या पश्चिमेची तांबडी, निचऱ्याची माती आणि मृगापासूनचा पाऊस या पिकाला मानवतो. आपण रताळी म्हणतो, मार्केट यार्डात शेजारचा कानडी शेतकरी गेणसू म्हणतो, आणि नवरात्राच्या तोंडावर ही पोती इथून परराज्यांतही जातात. मूळचे हे पीक अमेरिका खंडातले. पोर्तुगीजांच्या काळात ते आपल्याकडे आले आणि इतके रुळले की आज उपवासाला त्याच्याशिवाय चालत नाही. असो.

आधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. बटाटा आणि रताळे आपण एकाच टोपलीत ठेवतो, पण बटाटा म्हणजे जमिनीखाली फुगलेले खोड आणि रताळे म्हणजे फुगलेले मूळ. दोघांची कुळेही वेगळी. आणि दोन्ही काढणीनंतर जिवंत असतात. ती श्वास घेतात, उष्णता बाहेर टाकतात, जखम झाली तर ती भरून काढतात. ताज्या काढलेल्या रताळ्याची साल फार पातळ असते आणि आतल्या गराला घट्ट चिकटलेली नसते. नुकत्याच उपटलेल्या रताळ्यावर अंगठा जोराने घासून पाहा, साल सरकते. ही सरकलेली साल, तुटलेली शेपटी आणि फाळाचा ओरखडा, या तीन दारांतून बुरशी आत शिरते. आमच्या पिशव्यांत जी केसाळ बुरशी होती तिचे नाव रायझोपस. अखंड सालीतून ती सहसा आत जात नाही. तिला जखम लागते, ओल लागते आणि कोंडलेली हवा लागते. आम्ही तिला तिन्ही पुरवले होते.

म्हणून माती काढण्याचे यंत्र म्हटले की आमच्या डोळ्यांसमोर प्रथम जो विचार येतो, की जितके जोरात तितके स्वच्छ, तो इथे चालत नाही.

सर्वांत जास्त वापरात असलेले यंत्र म्हणजे आडवा फिरता ड्रम. लोखंडी कड्यांवर लाकडाच्या, प्लास्टिकच्या किंवा रबर चढवलेल्या पट्ट्या थोडी थोडी फट ठेवून बसवतात. माती आणि पाणी फटीतून खाली पडते. ड्रमच्या मधून किंवा वरून भोके पाडलेली नळी जाते, तिच्यातून पाण्याचे फवारे सुटतात. ड्रम एका बाजूला किंचित उतरता ठेवला तर माल एका तोंडातून आत जातो आणि गडगडत दुसऱ्या तोंडातून बाहेर येतो. लहान यंत्रांत उतार नसतो. एक घाणा भरायचा, फिरवायचा, दार उघडून काढायचा.

यात माती काढते कोण? आम्हाला वाटले पाणी. प्रत्यक्षात बरेचसे काम रताळ्यावर रताळे घासल्याने होते, पाणी फक्त सुटलेली माती वाहून नेते. त्यामुळे ड्रम किती भरायचा याला महत्त्व आहे. अगदी थोडा माल टाकला तर एकेक रताळे वर जाऊन थेट पट्ट्यांवर आपटते. खच्चून भरला तर मधली रताळी जागची हलतच नाहीत आणि मातीसकट बाहेर येतात. साधारण तिसरा हिस्सा भरलेला ड्रम बरा, असे चालवणाऱ्यांचे म्हणणे, आणि पाहताना आम्हालाही ते पटले.

वेगाचे गणित तर शाळेतल्या पदार्थविज्ञानाचे आहे. पाण्याची बादली गरगर फिरवली की पाणी सांडत नाही, तसाच ड्रम फार वेगाने फिरला की माल भिंतीला चिकटून राहतो आणि घासणे थांबते. हा वेग व्यासावर ठरतो. ४२.३ ला मीटरमधल्या व्यासाच्या वर्गमुळाने भागायचे. एक मीटर व्यासाच्या ड्रमला मिनिटाला सुमारे ४२ फेरे, ६० सेंटिमीटरच्या ड्रमला सुमारे ५५. धुताना याच्या निम्म्याहूनही कमी वेग ठेवायचा, म्हणजे माल वर न उडता हळूहळू लोळत राहतो. एक मीटरच्या ड्रमला १८ फेरे धरले, तर १४४० फेऱ्यांच्या साध्या मोटारीचा वेग ८० पटींनी कमी करावा लागतो. तो केवळ लहान-मोठ्या पुल्या लावून नीट होत नाही, गिअरबॉक्स घ्यावा लागतो, आणि यंत्राच्या किमतीत मोठा वाटा त्याचाच असतो. गावातल्या वर्कशॉपमध्ये स्वस्तात करून दिलेले यंत्र बहुतेक वेळा इथेच फसते. ते छान फिरते, फक्त फार जोरात फिरते.

एका सभासदाच्या पुतण्याने सिमेंट कालवण्याचा जुना मिक्सर घासूनपुसून रताळ्यासाठी वापरून पाहिला होता. कल्पना वाईट नव्हती. वेग कमी, पाणी घालता येते, तोंड खाली करून ओतताही येते. पण मिक्सरच्या पोटात पाती असतात. पाती माल उचलते आणि वरून सोडते. रताळी स्वच्छ निघाली, शेपट्या मात्र झडल्या. गाजरांना तोच मिक्सर त्याने पाती काढून आणि आत रबर लावून वापरला, तो अजून चालू आहे.

दुसरा प्रकार ब्रशचा. नायलॉनचे केस असलेले रूळ शेजारी शेजारी बसवलेले असतात, ते फिरतात, वरून फवारा येतो आणि माल रुळांच्या खाचांतून पुढे सरकतो. इथे आपटणे जवळजवळ नाही, पण घासणे नेमके सालीवरच होते. केस कडक असतील किंवा माल जास्त वेळ रेंगाळला तर साल खरवडली जाते. गाजराच्या बाबतीत खरवडलेला भाग सुकला की त्यावर पांढुरकी छटा येते. घरी आणलेली लालभडक गाजरे दोन दिवसांत फिकट, चुनाळलेली दिसू लागली तर ती शिळीच असतील असे नाही, जास्त घासलेली असू शकतात. बिटाचे आणखी वेगळे. शेपटी किंवा देठ अगदी मुळाशी छाटून धुतले तर त्याचा रंग पाण्यात उतरतो, म्हणून थोडा देठ ठेवून धुवायचे. आल्याच्या बोटांमधली माती ड्रम आणि ब्रश दोघांनाही नीट काढता येत नाही, तिथे जोराचा फवाराच लागतो.

यंत्रापेक्षाही पाण्याकडे लक्ष देण्याची गरज जास्त आहे, असे आमचे मत झाले. तांबडी माती भिजली की लवकर सुटते. पूर्व भागातली काळी माती चिकट, ती आधी टाकीत भिजत घालावी लागते. नियम एवढाच की गढूळ पाणी सुरुवातीला आणि स्वच्छ पाणी शेवटी. शेवटच्या फवाऱ्याचे पाणी गोळा करून भिजवण्याच्या टाकीत सोडले तर तेच पाणी दोनदा कामी येते. ते किती लागते हे मोजणेही सोपे आहे. पंधरा लिटरची बादली नळीखाली तीस सेकंदांत भरली, तर मिनिटाला ३० लिटर. एक घाणा दहा मिनिटे चालला तर ३०० लिटर गेले. दिवसाचे घाणे मोजले की विहिरीला हे झेपेल का ते कळते. उन्हाळ्यात आपल्या गावांना टँकरची वाट पाहावी लागते, हे लक्षात घेता यंत्र विकत घेण्याआधी हा हिशेब मांडलेला बरा.

पण पाणी वाचवण्याच्या नादात तेच पाणी दिवसभर फिरवत राहिले तर वेगळे संकट उभे राहते. एक सडके रताळे टाकीत पडले की त्याचे बीजाणू पुढच्या प्रत्येक रताळ्याला आंघोळ घालतात. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात, जिथे त्या देशातली सर्वाधिक रताळी पिकतात, २०१५ च्या सुमारास काळी कूज हा जुना, विसरला गेलेला रोग पुन्हा उसळला. त्याच्या फैलावात धुण्याच्या यंत्रांचा आणि पाण्याचा मोठा वाटा असल्याचे तिथल्या अभ्यासकांना आढळले. म्हणून मोठ्या पॅकिंग केंद्रांत पाण्यात क्लोरीन ठेवतात, साधारण दहा लाख भागांत १०० ते १५० भाग. मात्र पाणी गढूळ झाले की क्लोरीन मातीवरच खर्च होऊन जाते. चिखलाच्या पाण्यात औषध ओतण्यापेक्षा पाणी बदलणे आणि सडका माल आधीच वेचून काढणे हे जास्त उपयोगी.

मग धुवायचे कधी? आमच्या फराळाचे उत्तर इथे आहे. ज्येष्ठ सभासदांच्या शब्दांत, "माती हे रताळ्याचे पांघरूण, झोपवायचे असेल तर काढू नये." ते अगदी शब्दशः घेऊ नये, पण दिशा बरोबर आहे. काढणीआधी चार-आठ दिवस वेल कापून टाकले तर जमिनीतच साल थोडी घट्ट होते. काढल्यावर कोरडी माती हलक्या हाताने झाडायची आणि माल उबदार, दमट पण हवा खेळती असलेल्या जागी काही दिवस ठेवायचा. शास्त्रीय पद्धतीत सुमारे २९ अंश उष्णता आणि ८५ ते ९० टक्के दमटपणा चार ते सात दिवस ठेवतात. तेवढ्यात ओरखड्यांखाली नवी साल धरते. असा माल नंतर १३ ते १५ अंशांत महिनोन्‌महिने टिकतो. धुणे येते ते सर्वांत शेवटी, माल बाजारात निघण्याच्या तोंडावर. धुतल्यावर तो सावलीत, वाऱ्यावर पूर्ण सुकवायचा आणि हवा जाईल अशा जाळीच्या पोत्यात किंवा क्रेटमध्ये भरायचा. आमच्या पिशव्या बहुधा काढणीच्याच दिवशी धुऊन, ओल्याच भरल्या गेल्या होत्या.

आता यात शेतकऱ्याला मिळते काय? मातीसकट पोते गेले की अडतीवर वजनात सूट धरली जाते. पोत्यात पाच टक्के माती आहे असे धरले, तर ५० किलोच्या पोत्यात अडीच किलो माती, शंभर पोत्यांत २५० किलो. ही माती भाडे भरून शहरात नेली जाते आणि तिथल्या गटारात जाते. शिवाराची वरची माती म्हणजे त्याची कमाई, ती अशी पोत्यांतून जाते हे बोचणारे आहे. धुण्याची टाकी शेतावरच असेल तर गाळ निदान बांधावर परत टाकता येतो. शिवाय धुतल्यावर सोंडकिड्याची भोके आणि फाळाचे कापे उघडे पडतात, त्यामुळे प्रतवारी खरी होते. दर किती वाढतो याबद्दल आम्हाला प्रत्येकाने वेगळे सांगितले, त्यामुळे तो आकडा इथे देत नाही.

आणि हात? कडाक्याच्या थंडीत पहाटे ओढ्यात उभे राहून गाजरे-मुळे धुण्याचे काम आजवर बायकांनीच केले आहे. आमच्या एका ज्येष्ठ भगिनी सांगतात की लग्न होऊन आल्यावर पहिल्या हिवाळ्यात त्यांच्या बोटांच्या पेरांना भेगा पडल्या, रात्री गोडेतेल लावून झोपावे लागे, आणि सकाळी पुन्हा बुट्टी भरून ओढ्यावर. यंत्राने हे थांबते, ही गोष्ट आम्हाला लहान वाटत नाही. त्याच वेळी त्याच शिवारात मजुरीने येणाऱ्या एका मावशींनी आम्हाला विचारले, "धुवायचं काम मशीन करणार, मग आम्हाला बोलावणार का?" त्या मालकाने प्रतवारी आणि भरणीला तेवढ्याच बायका ठेवल्या आहेत, हे आम्ही पाहिले. सगळेच मालक तसे करतील असे मात्र आम्ही म्हणू शकत नाही.

एक गोष्ट आम्हाला तिथे खटकली आणि ती तोंडावर सांगितली, म्हणून इथेही लिहितो. यंत्राचा पट्टा आणि पुली उघडी होती. शेजारी बसून माल टाकणाऱ्या मुलीची ओढणी पट्ट्यापासून वीतभर अंतरावर होती. पट्ट्यावर पत्र्याचे झाकण आणि मोटारीला पक्के अर्थिंग एवढे तरी हवेच. ओले हात, ओली जमीन आणि वीज एका जागी येतात, तिथे झटका बसण्याआधी वीज तोडणारा ब्रेकर लावणे हा चैनीचा खर्च नव्हे.

घरच्यांसाठी थोडे. रताळी आणली की धुऊन ठेवू नयेत, शिजवण्याआधी धुवावीत. फ्रिजमध्ये ठेवू नयेत. १२-१३ अंशांखाली त्यांना थंडी बाधते आणि उकडल्यावरही मधला भाग कडक राहतो. धुतलेली घ्यायची असतील तर टोके पाहावीत. टोक मऊ किंवा ओलसर असेल तर नको. सालीवर काळे गोल चट्टे असतील आणि शिजवल्यावर कडू लागत असेल तर कडू भाग कापून बाकीचे खाऊ नये, सगळे टाकावे. तो रोग लागला की रताळ्यात विषारी द्रव्ये तयार होतात. आणि रताळे फारच झगझगीत जांभळे-लाल दिसले तर कापसाचा बोळा पाण्यात किंवा गोडेतेलात भिजवून सालीवर घासावा. बोळ्याला रंग लागला तर वरून रंग दिला आहे असे समजावे. ऱ्होडामाइन बी नावाच्या कापड रंगवण्याच्या रंगाची भेसळ ओळखण्यासाठी ही चाचणी भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणानेच सुचवली आहे.

यंदाच्या ललितापंचमीसाठी मंडळाने मातीसकट रताळी सांगितली आहेत. ती जाळीच्या पोत्यांत येतील आणि व्हरांड्यात फळ्यांवर राहतील, सभागृहाच्या फरशीची काळजी नसावी. पंचमीला पहाटे साडेपाच वाजता मागच्या अंगणात दोन घमेली, नळाची पाइप आणि मऊ ब्रश तयार असतील. धुण्यासाठी सहा जण हवेत. गेल्या वर्षी फक्त भगिनींनीच खस्ता खाल्ल्या, म्हणून या वेळी पुरुष सभासदांनी नावे द्यावीत. चौघांनी दिली आहेत, दोन जागा शिल्लक आहेत. धुतलेले गढूळ पाणी कढीपत्त्याच्या आळ्यात सोडायचे आहे, मोरीत नव्हे, मोरी गेल्याच महिन्यात तुंबली होती.